वलवणचे पाणी, परळचा उजेड

लोणावळ्याला लागून असलेले वलवणचे धरण सुमारे १३५६ मीटर लांब आणि २६ मीटर उंच आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यात पडलेला पाऊस ते अडवते. निसर्गाच्या हिशेबाने हे पाणी देहू-आळंदीवरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचे. ते उलट फिरवून कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणले जाते, लोखंडी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडले जाते, तिथल्या पेल्टन चाकांवर आदळते आणि पाताळगंगेच्या वाटेने अरबी समुद्राला मिळते. १९१५ साली खोपोलीहून निघालेल्या तारा परळला पोचल्या आणि मुंबईच्या कापड गिरण्या कोळशाच्या वाफेवरून मावळातल्या पाण्यावर जाऊ लागल्या. आज कारखाने, रुग्णालये, रेल्वे स्थानके आणि सरकारी इमारती जुने दिवे उतरवून एलईडी बसवत आहेत, तेव्हा हे प्रकरण नव्याने वाचायला हवे. मोठ्या आस्थापनांनी ऊर्जेचे साधन बदलले की पुढे काय घडते, याचा शंभर वर्षांचा पुरावा मुंबई आणि मावळ यांच्यामधल्या त्या तारांवर साठलेला आहे. मला त्यातून दिसते ते असे: चांगला दिवा किंवा चांगले यंत्र बचतीची सोय करून देते, पण ती बचत कोणाच्या पदरात पडणार हे नियम ठरवतो. नियम नसेल तर वाचलेली ऊर्जा जास्त तासांत, जास्त कामात आणि जास्त झगमगाटात खर्ची पडते.

विजेच्या आधीच्या गिरणीत उजेडाची तजवीज छपरातच केलेली असे. साचेखात्याचे, म्हणजे विणकामाच्या मागांच्या खात्याचे, छप्पर करवती दात्यांचे असे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेला. आपल्या अक्षांशावर उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात ऊन जवळजवळ नसते, त्यामुळे यंत्रांच्या काळ्या सावल्या पडत नाहीत आणि दिवसभर उजेड बऱ्यापैकी एकसारखा राहतो. साचेवाल्याला नेमके हेच हवे असे. ताण्यातला एखादा धागा तुटला आणि तो वेळीच दिसला नाही तर धोटा पुढे पळत राहतो, कापडात लांब दोष उतरतो, आणि त्या खराब कापडाची भरपाई मजुराच्या पगारातून व्हायची. उजेड ही त्याच्या दृष्टीने रोजीची गोष्ट होती. अंधार पडल्यावर काम चालवायचे तर गॅस किंवा तेलाचे दिवे लागत, आणि तरंगत्या कापसाने भरलेल्या खात्यात उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून गिरणीचा दिवस सूर्याच्या दिवसाला बांधलेला राहिला: उन्हाळ्यात साधारण तेरा तास, हिवाळ्यात दहा-अकरा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांचे तास ठरवले होते, प्रौढांचे नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यातली कामाच्या वेळेबद्दलची मागणी होती सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. आज ती मागणी मवाळ वाटेल. पण सूर्यास्त ही एक अशी हद्द होती जी मालकाला पैसे मोजूनही सहज ओलांडता येत नव्हती, आणि लोखंडे त्याच हद्दीवर कायद्याचा शिक्का मागत होते. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. सूर्यास्ताचा शिक्का मात्र मिळाला नाही.

तो न मिळण्याची किंमत विजेच्या दिव्याने वसूल केली. मुंबईत विजेचा दिवा आला तो अडखळत. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, पण वर्षभरातच ती कंपनी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसवर गेली. गिरण्यांमध्ये वीज टिकली याचे कारण त्यांच्याकडे स्वतःचे वाफेचे इंजिन होते. त्यालाच डायनमो जोडला की दिवे लागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच गिरण्यांनी अशी सोय केली. हा दिवा गॅसपेक्षा सुरक्षित होता, डोळ्यांना बरा होता आणि खात्यातली हवाही त्याने कमी तापत असे. म्हणजे आजच्या कुठल्याही ऊर्जा सल्लागाराने ज्याची शिफारस केली असती तसाच तो बदल होता. मग १९०४-०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली, स्वदेशीच्या चळवळीने मागणीत भर घातली, आणि दिवे असलेल्या गिरण्या साडेतेरा-चौदा तास, काही त्याहूनही जास्त चालू लागल्या. १९०५ मध्ये कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर आले. दिवा सुधारला त्याच वर्षांत कामगाराचा दिवस लांबला, आणि तोही दिव्यामुळेच शक्य झाला. सरकारने १९०६-०७ मध्ये एक समिती आणि १९०७-०८ मध्ये एक आयोग नेमला. आयोगाच्या बहुमताने प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने थेट बांधायला नकार दिला. डॉ. टी. एम. नायर या एका सदस्याने वेगळे मत नोंदवले आणि थेट मर्यादा मागितली. अखेर १९११ चा फॅक्टरी कायदा नायर यांच्या बाजूला झुकला: कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तास ही कमाल मर्यादा, १ जुलै १९१२ पासून लागू. सूर्याने घातलेली मर्यादा दिव्याने पुसली होती. तिच्या जागी कागदावरची मर्यादा यायला सहा-सात वर्षे लागली.

यावर एक आक्षेप सरळ आहे. तास वाढले ते बाजारामुळे. दिवा नसता तरी मालकांनी दुसरा काही मार्ग काढलाच असता. बाजाराचा भाग मी नाकारत नाही. तेजी नसती तर दिवे असूनही गिरण्या लवकर बंद झाल्या असत्या, आणि मंदीत तसे झालेही. पण मुंबईत तेजीचे काळ त्याआधीही आले होते आणि तेव्हा सूर्य मावळल्यावर साचे थांबत होते. मागणी आणि साधन दोन्ही जमल्याशिवाय चौदा तासांचा दिवस उभा राहत नाही. १९०५ साली ती जोडी जमली. दुसरा आक्षेप त्या काळचाच आहे आणि जास्त टोचणारा आहे. फॅक्टरी कायद्यांमागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडवाल्यांचा हात आहे, हिंदी गिरण्यांचे पाय बांधण्यासाठी त्यांना इथल्या मजुरांचा कळवळा आला आहे, असे राष्ट्रीय वृत्तीची बरीच वृत्तपत्रे लिहीत असत. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता. पण हेतू वाईट म्हणून नियम वाईट ठरत नाही. मुंबईत १९०९ च्या सुमारास स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेनेही बारा तासांचीच मागणी लावून धरली होती, आणि तिच्यात लँकेशायरचे कोणी नव्हते. रात्री घरी जाऊन भाकरी खायला किती वेळ उरतो, हा प्रश्न साचेवाल्याचा होता आणि उत्तरही त्यालाच हवे होते.

कायदा झाला त्याच वर्षी वलवणच्या कामाला सुरुवात झाली. घाटमाथ्याचा पाऊस साठवून खाली सोडला तर मुंबईला वीज देता येईल ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ साली वारले. नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोंदली गेली. भांडवल देशातच उभे राहिले आणि त्यात संस्थानिकांचा मोठा वाटा होता. फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला पायाचा दगड बसवला आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला. लोणावळा, वलवण आणि शिरोटा या तीन तलावांची गरज पडली, कारण इथला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि गिरण्या बारा महिने चालतात. धरणाच्या भिंतीचे चिरे रचले जात होते त्याच वर्षांत जगभर दिव्याची तारही बदलत होती. जुन्या कार्बनच्या तारेचा १६ कँडलपॉवरचा दिवा ५५ ते ६० वॅट खात असे. टंगस्टनच्या तारेचा तेवढाच दिवा वीसेक वॅटमध्ये भागवू लागला. खर्च एक-तृतीयांश. युरोप-अमेरिकेतल्या वीज कंपन्यांना धास्ती वाटली की आता आपला माल कमी खपणार. घडले उलट. उजेड स्वस्त झाल्यावर ज्यांना तो आधी परवडत नव्हता ती घरे आणि दुकाने ग्राहक झाली, आणि विजेचा खप वाढला. स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवले होते: इंजिन कमी कोळशात जास्त काम करू लागले की कोळशाचा एकूण खप वाढतो. उजेडाच्या बाबतीत हे मोजलेही गेले आहे. ब्रिटनमधल्या उजेडाच्या किमती आणि वापर यांचा सात शतकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सन २००० मधला ब्रिटिश माणूस १८०० मधल्या माणसाच्या साडेसहा हजार पट उजेड वापरत होता.

आता जाणकार वाचक म्हणेल, वलवणची वीज दिव्यांसाठी नव्हतीच. हे बरोबर आहे. टाटांचे करार यंत्रे चालवण्याच्या शक्तीचे होते; दिव्यांचा वाटा त्यात किरकोळ. पण म्हणूनच हे उदाहरण माझ्या मुद्द्याला जास्त बळ देते. वाफेच्या गिरणीत एक मोठे इंजिन असे, त्यावरून दोरखंड आणि पट्टे, पट्ट्यांवरून लांबच लांब दांडे, आणि दांड्यांवरून प्रत्येक खात्यात शक्ती पोचवली जाई. वाटेतल्या घर्षणात तिचा मोठा भाग वाया जाई. एकच खाते चालवायचे असले तरी सगळा दांडा फिरवावा लागे. कोळसा बंगालहून किंवा समुद्रमार्गे परदेशातून यायचा, आणि ऐंशीच्या वर गिरण्यांचा धूर शहरावर साठायचा. विजेची मोटर बसवली की हे सगळे टळते. धूर गेला, कोळशाची चिंता गेली, बंद खात्यासाठी शक्ती जाळणे थांबले. ऊर्जेच्या काटकसरीचा याहून मोठा बदल त्या काळच्या हिंदुस्थानात क्वचितच झाला असेल. पण काटकसरीचा शेवट थांबण्यात झाला नाही. खोपोलीनंतर सात वर्षांत, १९२२ साली, आंध्र व्हॅली कंपनीचे भिवपुरीचे वीजघर उभे राहिले आणि ठोकरवाडीचे पाणी खाली उतरले. १९२७ साली भिरा आले आणि त्यासाठी मुळशीचे खोरे बुडाले. मधल्या काळात रेल्वेही विजेवर आली: १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला, आणि १९३० साली डेक्कन क्वीन विजेवर घाट चढू लागली. बारा वर्षांत तीन वीजघरे. स्वस्त आणि स्वच्छ शक्ती मिळाल्यावर शहराची भूक त्या शक्तीच्या मापाने वाढली.

मुळशीची किंमत या हिशेबात मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला, पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी धोक्यात होत्या, आणि सेनापती बापट त्या लढ्यासाठी तुरुंगात गेले. मावळ्यांनी वीज नको असे म्हटले नव्हते. आमच्या भाताच्या खाचरांच्या मोबदल्यात मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्याचा निर्णय कोणी आणि कोणाला विचारून घेतला, असा त्यांचा सवाल होता. धरण झाले, सत्याग्रह हरला. पण एका ठिकाणची काटकसर दुसऱ्या ठिकाणच्या जमिनीवर उभी असू शकते, हे मुळशीने जेवढ्या उघडपणे दाखवले तेवढे आपल्याकडे फार थोड्या प्रकरणांनी दाखवले आहे. ज्या वर्षांत मुंबईच्या गिरण्या मोटरीवर आल्या त्याच वर्षांत, १९१६ पासून, ओगल्यांचा काच कारखाना उभा राहत होता, आणि पुढची कितीतरी वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यांची रात्र त्यांच्या प्रभाकर कंदिलावर निघाली. तारा जिथून निघाल्या त्या डोंगरांचा त्या विजेवर कुठलाही आपोआप हक्क नव्हता, कारण तसा करारच नव्हता.

गिरणीच्या आत मात्र एक वेगळी गोष्ट घडली आणि तिची आठवण ठेवायला हवी. जानेवारी १९२० च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्याने देशभर ११ तास दिवसाला आणि ६० आठवड्याला अशी मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्याने १० आणि ५४, आणि १९४८ च्या कायद्याने ९ आणि ४८. म्हणजे मोटर आणि दिवा यांनी एका तासात जे जास्त काम करून दिले त्यातला काही भाग कामगाराच्या वाट्याला विश्रांती म्हणून आला. तो संपाने आणि कायद्याने आणला. दिव्याने आणला नाही. जिथे नियम एकाच बाजूचा होता तिथे फळही एकाच बाजूला गेले. कामगाराचा दिवस आखूड झाल्यावर यंत्र रिकामे ठेवणे मालकाला परवडेना, आणि १९३० नंतरच्या दशकात रात्रपाळी वाढली. स्त्रियांना रात्री कामाला लावायला कायद्याची मनाई होती. मनाईचा हेतू संरक्षणाचा होता, पण पाळ्या वाढल्या तशी रात्रपाळीला न येणारी बाई मालकाला गैरसोयीची वाटू लागली. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत दर चार-पाच कामगारांत एक स्त्री होती. पुढच्या अर्धशतकात वायंडिंगची आणि रिळांची खाती बायकांच्या हातून निसटत गेली. याची कारणे अनेक आहेत, पाळ्यांची पद्धत त्यातले एक. नियम नुसता असून भागत नाही, तो कोणाच्या बाजूने कुठवर विचार करतो तेही पाहावे लागते.

या पार्श्वभूमीवर आजचा बदल पाहू. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने उजाला योजना आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम एकाच वेळी सुरू केला. ईईएसएल या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी करून एलईडी बल्बचा खरेदीदर तीनशे रुपयांच्या वरून दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आणला. ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. मार्च २०१८ पर्यंत देशातली सगळी रेल्वे स्थानके एलईडीवर आणण्याचे लक्ष्य रेल्वेने पुरे केल्याचे जाहीर केले. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. घरगुती ग्राहकाला एवढ्या झपाट्याने इतके चांगले साधन इतक्या कमी किमतीत मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. पण वाचलेल्या युनिटांचे जे मोठे आकडे जाहीर होतात ते मीटरवर मोजलेले नसतात. इतके बल्ब, प्रत्येकी इतके वॅट कमी, रोज इतके तास, असा गुणाकार करून ते काढलेले असतात. बल्ब लावला की जुनाच काढला का, रोज तितकेच तास जळला का, हे त्या गुणाकाराला दिसत नाही. मोठ्या आस्थापनांच्या करारात हा प्रश्न पैशांचा होतो. ठेकेदार स्वतःच्या खर्चाने दिवे बदलतो आणि होणाऱ्या बचतीतून आपले पैसे वसूल करतो, अशी पद्धत रूढ आहे. इथे सगळे काही आधीच्या मोजणीवर अवलंबून असते. एखाद्या गावात जुन्या दिव्यांपैकी निम्मे बंदच असतील आणि कागदावर ते सगळे रात्रभर जळत होते असे धरले, तर कधी न झालेल्या खर्चातून बचत निघते आणि तिचे पैसे मात्र खरे द्यावे लागतात. चौदा तासांच्या गिरणीत कामगाराचा वेळ जसा कोणाच्या वहीत नव्हता, तसे इथे बंद दिवे कोणाच्या वहीत नसतात.

यावर आजचा सर्वांत भक्कम आक्षेप असा की उजेडाची भूक आता भागली आहे. कारखान्याच्या मजल्यावर किती लक्स, म्हणजे किती उजेड, हवेत हे भारतीय मानकांत ठरलेले आहे. दिवा स्वस्त झाला म्हणून कोणी त्याच खोलीत दुप्पट उजेड करत नाही. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. कचेरी, शाळा, रुग्णालयाचा वॉर्ड, गोदाम अशा ठिकाणी दिवे बदलून झालेली बचत बहुतेक टिकते, आणि म्हणूनच तिथे बदल न करण्याला काही सबब उरत नाही. पण ती टिकते कारण तिथे लक्सचे मानक आहे, म्हणजे नियम आहे. जिथे मानक नाही तिथे काय होते ते उपग्रहांनी पाहिले आहे: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१२ ते २०१६ या काळात, म्हणजे एलईडी जगभर पसरत असतानाच, रात्री कृत्रिम दिव्यांनी उजळलेले पृथ्वीवरचे क्षेत्र दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढले. गिरणगावात तर दोन्ही काळ एकाच जमिनीवर पाहायला मिळतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. उत्तरेच्या काचांतून फुकट येणारा दिवस जिथे साच्यांवर पडत असे, त्या भागात आता बंद भिंतींच्या आत भर दुपारी दिवे जळतात. ते दिवे कितीही कार्यक्षम असोत, करवती छपराच्या हिशेबात ते शून्य वॅटशी स्पर्धा करत आहेत. दिव्याची कार्यक्षमता मोजणारी कोणतीही योजना हा प्रश्न विचारत नाही, कारण ती बल्बपासून मोजायला सुरुवात करते, खिडकीपासून नाही.

आता पुन्हा वलवणकडे, कारण तिथे ऊर्जेचा हिशेब पाण्यात करता येतो. एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली पडले की यंत्रांतली गळती वजा जाता साधारण १.१ ते १.२ युनिट वीज मिळते. उलट मांडले तर खोपोलीचे एक युनिट म्हणजे सुमारे ९०० लिटर पाणी. एखाद्या कारखान्यात हजार जुन्या ट्यूबलाइट आहेत असे धरू. चोकसकट एकेक ५२ वॅट खाते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी ट्यूब बसवली आणि दिवसाला बारा तास जळली, तर रोज ३८४ युनिट वाचतात. पाण्यात ते होतात सुमारे ३ लाख ४५ हजार लिटर: दहा हजार लिटरचे चौतीस-पस्तीस टँकर, रोज, एका कारखान्यामागे. दुष्काळाच्या वर्षी भीमेच्या खोऱ्यातून टाटांच्या धरणांचे पाणी पूर्वेला सोडा ही मागणी उठते तेव्हा या आकड्याचे वजन कळते. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्याला जे पाणी उताराने मिळाले असते तेच पाणी वीज होऊन पश्चिमेला जाते.

कोणी म्हणेल की हा हिशेब फसवा आहे. ग्रीडवर एक युनिट वाचले तर ते खोपोलीचेच कमी होते असे नाही, बहुतेक वेळा कुठल्यातरी कोळशाच्या वीजघराचे कमी होते. हेही खरे आहे, आणि कोळसा कमी जळणे हा लहान लाभ नाही. पण जलविद्युत आज मुख्यतः ज्या संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखून ठेवली जाते, ती मागणी वाढवणाऱ्यांत दिवेच आहेत. म्हणून दिव्यांतली बचत या धरणांच्या पाण्याशी इतर कुठल्याही बचतीपेक्षा जवळून जोडलेली आहे. तरीही परळच्या एखाद्या इमारतीने दिवे बदलले म्हणून वलवणच्या तलावात एक बादलीही आपोआप शिल्लक राहणार नाही. वाचलेले युनिट दुसऱ्या ग्राहकाला विकले जाईल आणि पाणी ठरल्याप्रमाणे नळातून उतरेल. वीजदराचा निर्णय महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे होतो, पाण्याचा निर्णय कृष्णा पाणीतंटा लवादाच्या मर्यादांत आणि जलसंपदा खात्यात, आणि दिवे बदलण्याचा निर्णय प्रत्येक आस्थापनेच्या लेखा विभागात. या तीन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत.

त्या बोलायला लावणे अशक्य नाही. १९०५ साली कामगाराचा वेळ मोजणारी वही नव्हती. १९१२ मध्ये ती आली आणि १९४८ पर्यंत तिच्यातला आकडा बारावरून नऊवर उतरला. तो आकडा एकदा उतरला म्हणजे कायमचा उतरला असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा आणि कामगाराची संमती या अटींसह. बारा हा १९११ चाच आकडा आहे, आणि त्याच्यावरची चर्चा करताना त्या आकड्यामागचे दिवे कोणीतरी आठवायला हवेत. विजेच्या बाबतीत माझी मागणी मर्यादित आहे. सरकारी पैशाने किंवा सरकारी हमीने दिवे बदलणाऱ्या प्रत्येक मोठ्या आस्थापनेने आधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने यांचे वेगळ्या मीटरवरचे आकडे प्रसिद्ध करावेत. किती दिवे आधीच बंद होते ते लिहावे. दिवसाच्या उजेडात किती दिवे जळतात ते लिहावे. मुंबईतल्या संध्याकाळच्या मागणीत त्यामुळे जी घट खरोखर झाली तेवढे पाणी टंचाईच्या वर्षी इंद्रायणीच्या मूळ उताराने सोडण्याचा करार राज्य सरकार आणि वीज कंपनी यांनी करावा, आणि त्याची भरपाई वीजदरात उघडपणे धरावी. टाटांच्या धरणांतले पाणी पूर्वेला वळवण्याचा प्रश्न पुढच्या दुष्काळात पुन्हा निघणारच आहे. त्या बैठकीत मुंबईच्या बाजूने कोणी बल्बांची संख्या सांगू लागला, तर मावळ आणि सोलापूरच्या प्रतिनिधींनी त्याच्याकडे मीटरचे आकडे मागावेत.